वेरूळचा डोंगर, विलायती चित्रे आणि पुण्याचा गंगाराम तांबट

आपण पुण्याच्या बायका डोंगर चढतो त्या बहुधा देवाच्या निमित्ताने. पर्वती, चतुःशृंगी, कार्ल्याची एकवीरा, जेजुरीचा खंडोबा, फार तर भीमाशंकर. चढण संपली की दर्शन घ्यावे, ओटी भरावी, सावली पाहून डबा सोडावा आणि उतरताना गुडघ्यांची तक्रार करावी. डोंगर त्या वाटेवर असतोच. पण खास त्याच्याकडे पाहावयास म्हणून कोणी निघत नाही. निदान आपल्या आज्या-पणज्या निघत नव्हत्या. नुसता कडा, नुसती दरी, नुसते माजलेले रान हाच विषय धरून कोणी कागद आणि रंग घेऊन उन्हात बसावे, ही चाल आपल्याकडे मुख्यतः परक्या लोकांबरोबर आली, त्यास आता सव्वादोनशे वर्षे होऊन गेली. तिची हकीकत पुण्याशी जडलेली आहे, शनिवारवाड्याशी आणि पर्वतीशी जडलेली आहे, आणि तिच्यात एक पुणेकर तांबट आहे. त्याचे नाव आपल्यापैकी फार थोड्यांच्या कानांवर आले असेल. ते आपल्या स्मरणिकेत छापले जावे, एवढ्यासाठी हा लेख.

प्रथम ही रानाची हौस कोठून आली ते सांगते. युरोपात अठराव्या शतकापर्यंत सुंदर देखावा म्हणजे नांगरलेले शेत, छाटलेली बाग, संथ नदी अशी समजूत होती. उंच पर्वत म्हणजे प्रवासातील संकट. मग दृष्टी बदलू लागली. इ. स. १७५७ मध्ये एडमंड बर्क या लेखकाने एक ग्रंथ लिहून असे मांडले की, सौंदर्य वेगळे आणि भव्यता वेगळी. भव्यतेत भीती असते, आणि ती भीती सुरक्षित जागेवरून अनुभवावयास मिळाली की तिचाच आनंद होतो. हे तत्त्व समजावयास आपणांस फार लांब जावे लागत नाही. श्रावणात आगगाडी खंडाळ्याच्या घाटात शिरली की लेकरू मांडीवर घट्ट धरून आपण खिडकीतून खाली पाहतोच की नाही? त्याच दरीच्या काठाने रात्री पायी चालावे लागले तर ‘काय शोभा!’ असे कोणी म्हणणार नाही.

या दृष्टीतून जे चित्रकार निपजले त्यांना स्वच्छंदतावादी किंवा रोमँटिक म्हणतात. जर्मनीतला फ्रीड्रिख (१७७४–१८४०) हा त्यांतला मोठा. १८१८ च्या सुमारास काढलेले त्याचे एक चित्र जगभर माहीत आहे: खडकाच्या टोकावर एक मनुष्य आपल्याकडे पाठ करून उभा आहे आणि त्याच्यापुढे धुक्याचा समुद्र पसरला आहे. इंग्लंडमध्ये टर्नर झाला. त्याने वादळे, हिमकडे, बुडती जहाजे रंगविली. माणूस अगदी लहान, निसर्ग अफाट, आणि बहुधा एखादे पडके देऊळ किंवा किल्ला, हा या मंडळींचा आवडता बेत. आता असा बेत मनात घेऊन कोणी सह्याद्रीत आला तर त्याला काय काय सापडेल, याचा विचार करा. कडे आहेत, धबधबे आहेत, पावसाचा काळोख आहे. आणि डोंगराच्या पोटात कोरलेली लेणी तर जगात दुसरीकडे इतकी कोठे आहेत?

असे आलेल्यांत थॉमस डॅनियल (१७४९–१८४०) याचे नाव सर्वांत गाजले. तो आणि त्याचा पुतण्या विल्यम हे दोघे १७८६ मध्ये कलकत्त्यास उतरले, गंगेच्या काठाने वर गेले, १७८९ मध्ये गढवालच्या हिमालयात शिरले, पुढे दक्षिणेत हिंडले आणि १७९३ मध्ये मुंबईस आले. विलायतेस परतल्यावर त्यांनी हिंदुस्थानच्या देखाव्यांची १४४ मोठी चित्रे १७९५ ते १८०८ या काळात छापून काढली. इंग्रज घरांतल्या बैठकींच्या भिंती, चिनी मातीच्या बशा, पडदे, यांवर पुढे कित्येक वर्षे जो ‘हिंदुस्थान’ उमटत राहिला तो बराचसा या काका-पुतण्याचा. घाट उतरणाऱ्या बायका, डोक्यावरच्या घागरी, वडाच्या पारंब्या, पाठीमागे ढासळलेले शिखर असा तो देखावा. बायका बोटाएवढ्या आणि वड वाड्याएवढा, हेही त्याच्या जोडीला आलेच.

आता पुण्याकडे वळू. सवाई माधवराव पेशवे यांच्या दरबारी १७८६ पासून इंग्रजांचा वकील म्हणून चार्ल्स मॅलेट राहत होता. मुळा-मुठेच्या संगमावर त्याची वस्ती. पुढे १८१७ च्या खडकीच्या लढाईच्या वेळी जळाला तो हाच संगमावरचा बंगला. मॅलेट राजकारणी तर होताच, पण त्याला जिज्ञासा दांडगी होती. पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता. तेथे सिंह होते, गेंडा होता. गेंडा म्हणजे पुणेकरांना ठाऊक होता तो ढालीच्या कातड्यामुळे; जिवंत गेंडा पाहणे ही नवलाई. मॅलेटला त्या जनावरांची चित्रे हवी होती, आणि ती काढावयास त्याला माणूस मिळाला तो पुण्यातच: गंगाराम चिंतामण नवगिरे, तांबट. त्याने रंगविलेले पेशव्यांच्या गेंड्याचे चित्र आज उपलब्ध आहे. त्यावरची तारीख आहे नोव्हेंबर १७९०.

ही तारीख वाचकांनी लक्षात ठेवावी. कारण गंगारामाविषयी जेथे कोठे चार ओळी येतात तेथे तो वेल्स नावाच्या साहेबाचा शिष्य म्हणून येतो. जेम्स वेल्स हा स्कॉटलंडचा चित्रकार मुंबईस आला १७९१ मध्ये आणि पुण्यास पोचला १७९२ मध्ये. गेंडा त्याच्याही आधीचा. म्हणजे वेल्सने हात धरून शिकविण्यापूर्वी या तांबटाचा हात चालत होता, रानटी जनावर समोर ठेवून त्याचे रूप कागदावर उतरवीत होता. शिष्य तो झाला, हे खरे. युरोपीय पद्धतीची छायाप्रकाशाची आणि अंतर दाखविण्याची रीत त्याने वेल्सपासून घेतली असणार. पण कोऱ्या पाटीवर कोणी अक्षरे गिरविली, असा हा प्रकार नव्हता.

वेल्सला पुण्यास बोलावले ते तसबिरींसाठी. त्याने सवाई माधवराव, नाना फडणीस, महादजी शिंदे यांची चित्रे काढली. नाना शेजारी आणि तरुण पेशवे मध्यभागी, हे आपल्या शाळेच्या पुस्तकांतून परिचित असलेले रूप त्याच्याच कुंचल्याचे. मूळ चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. शनिवारवाड्यात चित्रकामाची शाळा निघाली, तीत पुण्याची मुले शिकू लागली असे आपल्या इतिहासकारांनी लिहिले आहे. वेल्सच्या हाताखाली गंगाराम होता, तसाच रॉबर्ट मेबन नावाचा एक गोराही होता.

परंतु वेल्सचे मन तसबिरींत रमणारे नव्हते. त्याला लेण्यांचे वेड लागले. घारापुरी, कान्हेरी, जोगेश्वरी, कार्ले असा त्याचा आणि त्याच्या मंडळींचा संचार सुरू झाला. १७९३ मध्ये डॅनियल काका-पुतणे मुंबईस आले तेव्हा वेल्सने त्यांना बरोबर घेऊन ही लेणी दाखविली. आज लेणे पाहणे म्हणजे तिकीट काढून पायऱ्या चढणे. त्या वेळी कान्हेरी म्हणजे साष्टीच्या बेटावरचे किर्र रान. गुहांत वटवाघळे, कड्यांना आग्या मोहोळे, आणि आत अंधार एवढा की मशालीच्या उजेडात खांब मोजावा तर धुराने डोळे भरावेत. अशा जागी बसून मापे घेणे, नक्षी उतरविणे, मूर्तीचा एक एक दागिना नोंदणे, हे काम महिनोन्‌महिने चालले. त्यातले किती काम गंगारामाने केले हे त्याच्या नावाच्या चित्रांवरूनच कळते. शिल्पांची बारकाईची चित्रे काढण्यात तो तरबेज होता.

या सर्वांचा कळस वेरूळ. मॅलेट तेथे जाऊन आला होता आणि त्याने लेण्यांचे लांबलचक वर्णन कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीकडे पाठविले. ते १७९९ मध्ये छापून निघाले. त्याच्याबरोबर गेलेल्या चित्रांत गंगारामाचा हात होता. पुढे १७९५ मध्ये वेल्सने वेरूळचे काम पुरे करावयास घेतले. याच वर्षाच्या मार्चमध्ये खर्ड्याची लढाई झाली, हे लक्षात घेतले म्हणजे मराठे आणि निजाम एकमेकांसमोर उभे असताना त्या मुलखात चित्रे काढीत फिरणे कसे असेल याची कल्पना येते.

वेरूळच्या लेण्यांची नावे मॅलेटने तेथल्या लोकांच्या तोंडून ऐकली तशी लिहून घेतली, आणि तीच पुढे इंग्रजी पुस्तकात छापली गेली. कैलासास लोक रंगमहाल म्हणत, कारण त्याच्या भिंतींवर रंगाचा गिलावा होता. दोन ताल, तीन ताल, रावण की खाई, इंद्रसभा. एकाचे नाव चक्क ‘जानवसा’! विलायतेच्या लोकांनी ते ‘लग्नाची जागा’ असे समजून घेतले. वऱ्हाडी उतरतात ते जानवसघर हे त्यांना कोणी समजावले नसावे; पण शिवपार्वतीच्या लग्नाच्या शिल्पापुढे उभे राहून कोणा गावकऱ्याने हे नाव प्रथम दिले असेल त्याचे कौतुक वाटते. नाव देणाऱ्याला ती गुहा म्हणजे भयाण अवशेष वाटत नव्हती. तेथे लग्न होते आहे आणि मंडळी उतरली आहेत, असे त्याला वाटत होते.

दहाव्या क्रमांकाच्या लेण्याला तर सुताराची झोपडी म्हणतात, किंवा विश्वकर्म्याचे लेणे. खरे पाहता ते बौद्धांचे चैत्यगृह. आत बुद्धाची मूर्ती आहे, आणि छताला लाकडाच्या वाशांसारख्या दगडी फासळ्या कोरल्या आहेत. पण कित्येक पिढ्या सुतार मंडळी त्याच मूर्तीला विश्वकर्मा मानून तिच्या पाया पडत आली. आता आपल्या पुण्यातले तांबट आपले मूळ त्वष्ट्याशी जोडतात, म्हणजे विश्वकर्म्याच्याच कुळाशी. तेव्हा गंगाराम या लेण्यासमोर उभा राहिला असेल तो कोण म्हणून? साहेबाला ते रानातले अवशेष. त्याला ते कुळपुरुषाचे घर. दोघांनी एकाच दगडाकडे पाहिले, आणि कागदावर रेघ ओढणाऱ्यांत पुण्याचा हा तांबटही होता.

१७९५ हे साल वाईट गेले. ऑगस्टमध्ये अहिल्याबाई होळकर वारल्या. वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार होळकरांच्या घरातल्या ज्या स्त्रियांनी केला त्यांत त्यांचे नाव मोठे आहे. ऑक्टोबरच्या अखेरीस सवाई माधवराव वाड्याच्या माडीवरून पडून गेले; वय अवघे एकवीस. आणि नोव्हेंबरात वेल्स गेला. कान्हेरीच्या रानात काम करताना त्याला ताप भरला आणि ठाण्यास त्याचा अंत झाला. रानची हवा बाधते, एवढेच त्या काळी लोक म्हणत. हिवताप डासांमुळे होतो हे रॉस साहेबाने सिकंदराबादेस सिद्ध केले ते १८९७ मध्ये. भयाचा आनंद सुरक्षित जागेवरून घ्यावा असे बर्क म्हणाला होता. वेल्सची जागा सुरक्षित नव्हती. त्याच्या चित्रांपुढे पुढे लंडनमध्ये ज्यांनी ‘केवढे भव्य!’ म्हणून मान डोलावली त्यांची मात्र होती.

वेल्सची मुलगी सुसाना. तिचा आणि तिच्या बहिणींचा भार मॅलेटने घेतला, तो त्यांच्यासह विलायतेस गेला आणि १७९९ मध्ये सुसानाशी त्याने लग्न केले. त्यांना आठ मुलगे झाले. इतिहासाच्या पुस्तकांत सुसाना एका ओळीत येते आणि जाते. पण बापाची चित्रे, रोजनिशी, आणि त्यांच्याबरोबर गंगारामाचे कागद एका कुटुंबात राहिले, फाटले नाहीत, रद्दीत गेले नाहीत, यात त्या घरच्या बाईचा हात नसेल असे मला वाटत नाही. घरातले जुने कागद कोण सांभाळते हे आपणांस सांगावयास नको.

वेरूळची चित्रे छापावयाचे काम थॉमस डॅनियलने अंगावर घेतले. १८०३ मध्ये लंडनला २४ चित्रांचे पुस्तक निघाले. ते ज्या रीतीने छापले ती रीत मुद्दाम सांगते, कारण तिचा तांब्याशी संबंध आहे. तांब्याचा गुळगुळीत पत्रा घेतात. त्यावर राळेची अतिशय बारीक पूड बसवितात. खालून ऊब दिली की पूड पत्र्याला चिकटते. मग पत्रा तेजाबात घालतात. राळेच्या कणांच्या मधली उघडी जागा तेजाब खातो आणि तांब्यावर असंख्य बारीक खळगे पडतात. जेथे उजेड हवा तेथे आधीच वार्निश लावून पत्रा झाकतात, जेथे काळोख हवा तेथे तेजाब जास्त वेळ राहू देतात. अशा पत्र्यावर शाई भरून कागद दाबला की पाण्याच्या रंगाने रंगविल्यासारखी छाया उमटते. वरून हाताने रंग देतात. पावसाळी आभाळ, गुहेचा अंधार, धुक्यात विरणारा कडा, हे सारे या रीतीला फार चांगले साधते. आमच्या कसबा पेठेत तांबट आळीत जे तांबे मठारून घागरी आणि बंब होत, तेच तांबे लंडनमध्ये तेजाबाने कुरतडून त्यातून वेरूळचा डोंगर उठविला जात होता.

त्या पुस्तकाची पहिली तीन चित्रे ‘वेरूळचा डोंगर’ अशीच आहेत. तिन्ही शेजारी ठेवली की डोंगराचा सलग देखावा जुळतो. पसरलेला कडा, त्यात काळी तोंडे उघडलेली लेणी, आणि जवळपास बारीक बारीक माणसे. आतली चित्रेही अशीच, प्रचंड खांब आणि त्यांच्या पायाशी एखादा जोगी. चित्रे उत्तम आहेत, याविषयी माझ्या मनात शंका नाही. कैलासासारखी वास्तू वरून खाली कोरीत आणली, उंची सुमारे शंभर फूट, आठव्या शतकातील राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळचे काम. तिचा आवाका कागदावर आणणे सोपे नव्हे, आणि फोटो निघण्यापूर्वी तो जगाला दाखविणारे हेच पुस्तक. ज्यांनी दाखविले त्यांचे आभार मानलेच पाहिजेत.

पण एक गोष्ट वाचकांना चमत्कारिक वाटेल. थॉमस डॅनियलने वेरूळ कधी पाहिलेच नव्हते. पुणेही नाही. मॅलेट आणि पेशवे यांच्यातील १७९० च्या तहाचा जो प्रसिद्ध दरबार त्याने १८०५ मध्ये रंगविला आणि ज्याचे १८०७ मधील छापील चित्र आपल्याकडे जुन्या वाड्यांतून व पुस्तकांतून दिसते, तोही वेल्सच्या कागदांवरून. म्हणजे आपल्या मुलखाचे विलायतेत गाजलेले रानवट, गंभीर, ढगाळ रूप ज्याने घडविले त्याला ते डोळ्यांपुढे नव्हते. त्याच्यापुढे कागद होते. ते कागद उन्हात, अंधारात, तापाच्या दिवसांत ज्यांनी भरले ते वेल्स, मेबन आणि गंगाराम. पुस्तकाच्या पहिल्या पानावर नावे आहेत दोन: चित्रे वेल्सची, खोदकाम डॅनियलच्या देखरेखीखाली.

यावर रागावून सारेच झिडकारणे मला पटत नाही. मॅलेटने गंगारामाच्या चित्रांवर त्याचे नाव राहू दिले, म्हणूनच आज आपण त्याच्याविषयी बोलू शकतो. कैलास कोरणाऱ्या शेकडो हातांपैकी किती नावे आपणांस सांगता येतात? मेणवलीस नानांच्या वाड्यात भिंती रंगविणाऱ्यांची तरी? कारागिराचे नाव न लिहिणे ही साहेबाची एकट्याची चाल नव्हती, आपलीही तीच होती, असे म्हणणे भाग आहे. तरी फरक उरतोच. छापील पुस्तक हजारो मैल फिरले आणि त्याने वेरूळ म्हणजे निर्मनुष्य रान, विसरलेली जागा, असा समज पसरविला. वेरूळ विसरलेले नव्हते. गावात घृष्णेश्वरापुढे बायका अभिषेकाचे पाणी घेऊन उभ्या होत्या, लेण्यांना जानवसा आणि सीतेची न्हाणी म्हणत होत्या, सुतार आपल्या देवाला नारळ फोडीत होते. रोमँटिक चित्रकाराला माणूस लहान हवा असतो. त्या नादात तो गाव पुसून टाकतो. गंगारामाला तो पुसण्याचे कारण नव्हते.

त्याच्यानंतर चित्रकार पुष्कळ आले. १८०४ मध्ये हेन्री सॉल्ट पुण्यास येऊन गेला; १८०९ च्या त्याच्या चित्रसंग्रहात पुण्याचा देखावा आहे. त्याच वर्षी विल्यम वेस्टॉल मुंबईस उतरला. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याची मोजणी करणाऱ्या जहाजावरचा हा चित्रकार, वाटेत गलबत खडकावर फुटून वाचलेला. त्याने घाटांत आणि कार्ल्यास चित्रे काढली, आणि पुढे ग्रिंडले या लष्करी अधिकाऱ्याने १८२६ ते १८३० या काळात काढलेल्या पश्चिम हिंदुस्थानच्या देखाव्यांच्या पुस्तकात वेस्टॉलची चित्रे आली. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली तेव्हा दरीचे भय बरेच कमी झाले आणि चित्रकारही खिडकीतून डोंगर पाहू लागले. १८७४ च्या पावसाळ्यात एडवर्ड लियर पुण्यात राहिला होता. मुलांची विनोदी गाणी लिहिणारा म्हणून त्याचे नाव; पण पोट भरले ते निसर्गचित्रांवर. एकसष्ट-बासष्टाव्या वर्षी, दम्याचा विकार असताना, ग्रीक नोकराला बरोबर घेऊन तो कांचनगंगेपासून मलबारपर्यंत फिरला. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पुढच्या स्मरणिकेसाठी कोणी भगिनीने तो घ्यावा.

आपल्या माणसांनी डोंगर, तळी, रान हाच विषय घेऊन नाव मिळवावयास मात्र वेळ लागला. मुंबईची जे. जे. कलाशाळा १८५७ मध्ये निघाली; तीत शिकून कोल्हापुरास परतलेले आबालाल रहिमान हे त्यांतले फार मोठे. रंकाळ्याचे पाणी आणि कोटितीर्थाची सकाळ त्यांनी जशी पाहिली तशी त्यापूर्वी कोणी रंगविली नव्हती. ती चित्रे ज्यांनी पाहिली असतील त्यांना हे सांगावयास नको. न पाहिलेल्यांनी कोल्हापूरच्या अंबाबाईला जाताना एक तास राखून ठेवावा.

गंगारामाचे कागद सध्या अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला-केंद्रात आहेत. २०११ मध्ये तेथे भरलेल्या एका प्रदर्शनात त्याच्या कामाला चांगली जागा मिळाली, आणि तेव्हापासून विद्वान मंडळी त्याच्यावर लिहू लागली आहेत. केंद्राच्या संग्रहातली चित्रे घरबसल्या संगणकावर पाहता येतात. घरातल्या नातवंडांना सांगितले की ती काढून देतील. त्यांत १७९५ मधले एक आहे ते पर्वतीचे. नानासाहेब पेशव्यांनी देवदेवेश्वराचे देऊळ बांधून पुरे केले त्याला त्या वेळी शेचाळीस-सत्तेचाळीस वर्षे झाली होती. चित्राला जे नाव दिले आहे त्यात पर्वती ही पुण्याजवळची टेकडी, तीवर देवळे आहेत आणि पेशवे तेथे येत-जात असतात, एवढे सारे आले आहे. कोणाची देवळे, कोण येते, हे सांगितल्याशिवाय ही टेकडी पुरी होत नाही.

यंदाच्या सहलीसाठी वेरूळ असा विचार मंडळात चालला आहे, म्हणून दोन सूचना. कैलास खालून सगळेच पाहतात; शेजारून वर जाणारी वाट आहे, तिने कड्यावर चढून वरून पाहावे, म्हणजे दगड कोठून कोरावयास घेतला हे ध्यानात येते. ज्यांना चढवत नाही त्यांच्याबरोबर कोणी तरी खाली थांबावे. एकोणतिसावे लेणे, सीतेची न्हाणी, थोडे दूर पडते म्हणून बरेच लोक सोडून देतात. ते सोडू नये. पावसाळ्यात त्याच्या बाजूला धबधबा कोसळतो आणि आत शिवपार्वतीच्या लग्नाचे शिल्प आहे. दहाव्या लेण्यात छताच्या फासळ्या पाहावयास मान वर करावी लागते, तेव्हा चष्मा सांभाळावा. आणि मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात, तेवढे पाहून दिवस ठरवावा.